कुत्र्याची लूत आणि माणसाची नजर

वाचकहो, तुमच्या गावच्या शाळेच्या ओट्यावर, नाही तर चावडीच्या सावलीत, असे एखादे कुत्रे तुम्ही नक्की पाहिले असेल. पाठीवरचे केस गेलेले, कोपरांची कातडी जाड होऊन तिला भेगा पडलेल्या, कानांच्या कडांवर खपल्या. घटकाभर डोळा लागतो न लागतो तोच ते उठते आणि मागच्या पायाने कान खरवडू लागते. रात्री सारे गाव निजते, पण त्याची खाज निजत नाही. "लूत लागली आहे त्याला," एवढे म्हणून आपण पुढे जातो. पोरे दगड मारतात. एखादा दयाळू मनुष्य मोटारीचे जळके तेल आणून त्याच्या अंगावर ओततो आणि पुण्य केल्याच्या समाधानाने घरी जातो.

ह्या ‘लूत’ शब्दाविषयीच थोडे बोलायचे आहे. शब्द एक, पण त्याच्या पोटात चार-पाच निरनिराळे रोग दडलेले आहेत. कुठे कातडीत शिरलेली कीड, कुठे पिसवांचा चावा, कुठे हवेतली धूळ, तर कुठे रोजच्या घासातला एखादा पदार्थ. बाहेरून सगळ्यांचे रूप सारखेच: खाज, केसगळती, जखमा. मग उपाय चुकला तर नवल काय? ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपण हसत म्हणतो, पण कुत्र्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरते. हे रोग एकमेकांपासून वेगळे ओळखायला माणसाला दोन हजार वर्षे लागली. ती हकीकत आज सांगतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यात कोलुमेला नावाचा शेतीचा मोठा जाणकार होऊन गेला. त्याने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागात मेंढ्या, शेळ्या, डुकरे यांच्या जोडीला कुत्र्यांवरही मजकूर आहे, कारण राखणीचे कुत्रे हे त्याच्या मते शेतीच्या साधनांपैकीच एक. हा मनुष्य किती व्यवहारी होता पाहा. तो म्हणतो, मेंढपाळाचे कुत्रे पांढरे असावे, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात धनी लांडगा समजून त्यालाच मारणार नाही. आपल्या धनगर बांधवांना हे लगेच पटेल.

ह्या कोलुमेलाने कुत्र्याच्या कातडीच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. उन्हाळ्यात माशा कान फोडतात, त्यावर कडू बदाम वाटून लावावा. पिसवा झाल्या तर जिरे आणि हेलेबोर नावाची एक विषारी मुळी पाण्यात वाटून चोळावी. आणि खरूज झाली तर जिप्सम व तीळ समभाग कुटून, पातळ डांबरात कालवून लेप द्यावा. औषधे बरी की वाईट हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याने तीन दुखणी तीन नावांनी ओळखली. कुत्र्याजवळ बसून, केस बाजूला करून त्याने किंवा त्याच्या गड्यांनी पाहिले असले पाहिजे. त्यावाचून हे लिहिता येत नाही.

पण पिसू डोळ्यांना दिसते, माशी दिसते. खरजेचे कारण मात्र दिसत नव्हते. जे दिसत नाही त्याची जागा मग तर्क घेतो. पुढची दीड हजार वर्षे युरोपातले विद्वान वैद्य सांगत राहिले की खरूज म्हणजे बिघडलेल्या रक्ताचा आणि दूषित रसांचा दोष. तो आतून बाहेर फुटतो. आपल्याकडेही ‘रक्त नासले’, ‘अंगात उष्णता झाली’ असे म्हणायची चाल आहेच. आतला दोष म्हटला की औषधही आतलेच. रक्त काढा, रेचक द्या, पथ्य करा. रोगी खंगे, आणि खरूज जागच्या जागी राही.

ह्या समजुतीला पहिला धक्का बसला तो १६८७ साली, इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात. तेथे जोव्हान्नी कोसिमो बोनोमो हा वैद्य आणि दिआचिन्तो चेस्तोनी हा औषधविक्या, असे दोघे मित्र होते. गरीब बायका खरूज झालेल्या आपल्या मुलांच्या हातांतून टाचणीच्या टोकाने बारीक पांढरा ठिपका काढतात, बंदरातले गुलाम-कैदीही एकमेकांसाठी तेच करतात, असे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे आजी सुईने पायातला काटा काढते ना, अगदी तसे! ह्या दोघांनी तो ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाहतात तो काय, ठिपका चालतो आहे! कासवासारखा गोलसर जीव, त्याला पाय आहेत, आणि तो अंडेही घालतो आहे. हीच खरजेची कीड. ती कोळ्याच्या आणि गोचिडाच्या नात्यातली. तिची मादी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडीशीच मोठी. ती कातडीत बोगदा खणते, त्यात अंडी घालते आणि एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते. बोनोमोने हे सारे फ्रान्चेस्को रेदी ह्या नामांकित शास्त्रज्ञाला पत्र लिहून कळवले. रोग बाहेरच्या किडीचा, तेव्हा पोटातली औषधे व्यर्थ. मलमे आणि स्नाने हीच खरी, असे त्याने स्पष्ट मांडले.

आता तुम्ही म्हणाल, झाले, प्रश्न सुटला. तसे घडले नाही. विद्वानांनी ते पत्र वाचले आणि आपला जुना पाठ चालू ठेवला. पुढे १८१२ साली पॅरिसमध्ये गालेस नावाच्या एकाने ‘मला खरजेची कीड सापडली’ म्हणून प्रबंध लिहिला आणि वाहवा मिळवली. पण त्याचे चित्र खरजेच्या किडीचे नव्हतेच. जुन्या चीजमध्ये पडणाऱ्या किडीशी ते जुळत होते. लबाडी उघडी पडली आणि तिच्याबरोबर खऱ्या गोष्टीवरचाही लोकांचा विश्वास उडाला. खोट्या साक्षीने खरा खटला बुडावा, तसे झाले.

शेवटी १८३४ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सिमों फ्रांस्वा रेनुच्ची हा विद्यार्थी पुढे आला. तो कॉर्सिका बेटावरचा. लहानपणी त्याने गावच्या बायकांना सुईने कीड काढताना पाहिले होते. मोठमोठे डॉक्टर पुळी फोडून पुवात कीड शोधत होते, म्हणून त्यांना ती मिळत नव्हती. रेनुच्चीने दाखवले की कीड पुळीत बसतच नाही. पुळीपासून निघालेल्या बारीक रेघेच्या, म्हणजे तिच्या बोगद्याच्या, टोकाला ती असते. सर्वांच्या देखत त्याने ती सुईवर काढून दिली. खेड्यातल्या निरक्षर बायकांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते ते राजधानीतल्या विद्वानांच्या गळी असे उतरले. शिक्षक मित्रहो, वर्गात विज्ञान म्हणजे काय हे सांगताना ही गोष्ट अवश्य सांगा.

माणसाच्या खरजेचे गूढ उकलल्यावर लक्ष जनावरांकडे वळले. १८५९ साली जर्मनीतल्या फ्रांत्स लायडिग ह्याने कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी राहणारी दुसरीच एक कीड वर्णन केली, लांबट, अळीसारखी. तिचे नाव डेमोडेक्स. १८६२ साली फ्रान्समध्ये देलाफों आणि बूर्गिन्यों ह्यांनी माणसाच्या आणि जनावरांच्या खरजेचा तुलनेने अभ्यास करून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या कामातून आपल्या ‘लुती’चे दोन तुकडे झाले. एक खरी खरूज: भयंकर खाजेची, एकाकडून दुसऱ्याकडे चटकन जाणारी. ती कुत्र्याला कवटाळणाऱ्या मुलाच्या हातापोटावरही पुरळ उठवते, मात्र कुत्र्याची कीड माणसाच्या अंगावर मूळ धरत नाही. कुत्रा बरा झाला की पोरही बरे होते. दुसरी डेमोडेक्सची लूत. हिची कीड पिल्लू आईला पीत असते त्या पहिल्या दिवसांतच आईकडून येते आणि बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर जन्मभर निमूट राहते. पिल्लू अशक्त असले किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी पडली, तरच ती माजते आणि तोंडावर, पायांवर केस गेलेले चट्टे दिसू लागतात. ही सहसा दुसऱ्याला लागत नाही आणि आरंभी खाजही थोडी असते. पाहा, एकाच शब्दाखाली किती भिन्न वस्तू!

तरीही कोडे उरलेच. काही कुत्र्यांच्या अंगावर ना कीड, ना पिसू, तरी ती खाजवून खाजवून रक्त काढतात. याचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. आणि त्या उत्तराची किंमत एका कुत्र्यानेच मोजली.

१९०१ च्या उन्हाळ्यात शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनाकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्रातल्या जीवांचे विष अभ्यासत होते. परत आल्यावर त्यांनी समुद्रपुष्प नावाच्या प्राण्याचे विष थोडेथोडे टोचून कुत्र्यांना त्याची सवय होते का, हे पाहायचे ठरवले. विचार सरळ होता: देवीची लस टोचली की देवी येत नाहीत, तसेच हे. नेपच्यून नावाचा एक धट्टाकट्टा कुत्रा होता. पहिल्या वेळी त्याला काही झाले नाही. सुमारे तीन आठवड्यांनी, १९०२ च्या फेब्रुवारीत, तेवढेच विष पुन्हा टोचले. आणि काही सेकंदांतच त्याला धाप लागली, पाय लटपटले, रक्ताची उलटी झाली आणि पंचवीस मिनिटांत त्याने प्राण सोडला. संरक्षण मिळायचे ते राहिले दूर, पहिल्या वेळेने शरीर उलट अधिक हळवे झाले होते! रिशे याला ह्या शोधाबद्दल १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्याने शरीराच्या अशा पालटलेल्या वागण्याला नवा शब्द दिला: ‘ॲलर्जी’. आज हा शब्द खेड्यापाड्यांत गेला आहे, पण त्याच्या जन्माशी नेपच्यून कुत्र्याचे नाव जोडलेले आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ॲलर्जी म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगतो. गावाला राखणदार हवा. पण एखादा राखणदार असा असतो की चोर सोडून वाऱ्याने हललेल्या पानावरही बंदूक झाडतो, आणि गोळ्या लागतात त्या आपल्याच घराच्या भिंतीला. शरीराची संरक्षक यंत्रणा निरुपद्रवी धुळीवर किंवा परागावर अशी तुटून पडली, म्हणजे ॲलर्जी. माणसाला पुष्कळदा तिने शिंका आणि दमा होतो. कुत्र्याचा राग बहुधा कातडीवर निघतो.

ही ॲलर्जी कुत्र्याला आपोआप, कोणी काही न टोचताही होते, हे १९४१ साली अमेरिकेतल्या डॉ. विटिच ह्यांनी प्रसिद्ध केले. त्यांच्या कुत्र्याला दरवर्षी ठरावीक मोसमात डोळ्यांना पाणी आणि अंगाला खाज येई. कारण निघाले रॅगवीड नावाच्या तणाचे पराग. आपल्याकडे १९५० नंतरच्या दशकात पुण्याकडे दिसू लागलेले आणि मग देशभर माजलेले गाजरगवत ह्याच तणाच्या कुळातले. ते उपटताना हातापायांवर पुरळ उठल्याचा अनुभव तुमच्यापैकी कित्येकांना असेल. पुढे १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे जपानी इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेन्निख यांनी माणसाच्या रक्तातला तो द्रव्यांश शोधला, जो ह्या बेताल राखणदाराच्या हातातली बंदूक म्हणावा, त्याला ‘आय.जी.ई.’ म्हणतात. तो कुत्र्याच्या अंगातही असतो. घरातल्या धुळीत राहणारे अतिसूक्ष्म जीव, पराग, बुरशी, कधी रोजच्या खाण्यातले दूध, गहू वा कोंबडीचे मांस, आणि सर्वांत जास्त वेळा पिसवेची लाळ, ही त्या खाजेची नेहमीची कारणे. पिसवेच्या लाळेचे वावडे असलेल्या कुत्र्याला शंभर पिसवा लागत नाहीत. दोन-चार चावे पुरे होतात. म्हणून ‘आमच्या कुत्र्यावर पिसवा नाहीत’ असे म्हणणारा धनी कित्येकदा चुकतो.

औषधांचा इतिहासही असाच टप्प्याटप्प्याचा आहे. गंधक फार जुने. ते खरजेची कीड खरोखर मारते आणि आजही वापरात आहे. १९४८ साली कॉर्टिसोन हे द्रव्य प्रथम रोग्याला दिले गेले आणि १९५० साली त्याबद्दल नोबेल मिळाले. त्याच्या नात्यातल्या गोळ्यांनी ॲलर्जीची खाज एका दिवसात थांबते. पण कारण तसेच राहते, आणि फार दिवस दिल्या तर तहान, भूक, लघवी वाढून कुत्रा फुगतो, त्याची प्रतिकारशक्ती खचते. किडीच्या लुतीत त्या दिल्या तर कीड उलट फोफावते. जपानच्या सातोशी ओमुरा ह्यांनी इतो गावाजवळच्या मातीतून मिळवलेल्या जंतूपासून आयव्हरमेक्टिन तयार झाले. ते १९८१ पासून जनावरांसाठी आले आणि २०१५ साली ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना नोबेल मिळाले. एका मुठीतल्या मातीने केवढे उपकार केले! पण इथेही सावधान. हेच औषध कोली जातीच्या व तिच्या रक्ताच्या कित्येक कुत्र्यांना सोसत नाही; त्यामागचा आनुवंशिक दोष २००१ साली सापडला. गायीम्हशींसाठी आणलेली बाटली अंदाजाने कुत्र्याला टोचणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. २०१३ नंतर तर खाजेचा निरोप मेंदूकडे जाण्यापूर्वीच अडवणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शनेही निघाली आहेत. ती महाग आहेत, आणि ती कोणाला द्यायची हे पशुवैद्यानेच ठरवायचे.

आणि जळके तेल? त्याने कीड गुदमरते अशी समजूत आहे. पण त्या तेलात इंजिनातले धातूंचे कण आणि विषारी द्रव्ये असतात. कुत्र्याचा स्वभाव अंग चाटण्याचा. जे अंगावर ओतले ते रात्रीपर्यंत पोटात जाते. रॉकेल, गोचिडांवरची पातळ न केलेली औषधे, जुन्या कोठ्यात उरलेली गॅमेक्सिन पावडर, या सर्वांची तीच गत. गॅमेक्सिन म्हणून जी बी.एच.सी. भुकटी घरोघर होती तिच्यावर तर आपल्या सरकारने १९९७ सालीच बंदी घातली. कुत्रे लुतीने सहसा मरत नाही. ह्या उपायांनी मात्र मरते, आणि मेले की आपण म्हणतो, ‘लुतीने गेले.’

तेव्हा करायचे काय? कोलुमेलाने केले तेच: आधी पाहायचे. आपल्या पाळीव कुत्र्याचे केस बाजूला करा आणि जागा ओळखा. कानांच्या कडा, कोपरे आणि मागच्या पायांच्या टाचा खपल्यांनी भरल्या असतील, आणि घरातल्या कोणालाही खाज सुटली असेल, तर संशय खऱ्या खरजेचा. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर केस गेले असतील तर पिसवा. एक पांढरा कागद ओला करून त्यावर कुत्र्याचे केस विंचरा. काळे कण पडून त्यांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. पंजे चाटून तांबडे झाले, कान सारखे दुखतात, काखा व पोट लाल आहे, तर ॲलर्जीचा विचार करा. दरवर्षी त्याच मोसमात होते का, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. बारमाही असेल तर खाण्याचाही विचार करावा लागतो: पशुवैद्याच्या सल्ल्याने आठ आठवडे, पूर्वी कधी न दिलेला एकच आहार द्यायचा आणि फरक पाहायचा. मध्येच बिस्किटाचा एक तुकडा दिला तरी परीक्षा फुकट जाते.

पिसवांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून कितीतरी अधिक पिसवा अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपाने त्याच्या बसण्याच्या जागेत असतात. म्हणून त्याचे पोते कढत पाण्यात धुवावे, उन्हात टाकावे, ओसरी झाडून केर जाळावा. नुसत्या कुत्र्याला औषध लावून जागा तशीच ठेवणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय.

मग ही टिपणे घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मुंबईत परळला जनावरांचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८४ साली उघडले आणि १८८६ साली त्याच्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे ही विद्या आपल्या प्रांताला नवी नाही. तेथे कातडी हलके खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, अगदी बोनोमोने पाहिली तशीच. खरी खरूज अशा खरवडीत पुष्कळदा हुलकावणी देते, म्हणून एकदा कीड दिसली नाही तरी डॉक्टर तिचे औषध देऊन पाहतील. त्यात नवल मानू नका.

ओट्यावरच्या बेवारस कुत्र्याला मात्र मुलांनी हात लावू नये. दुखऱ्या अंगाला हात लागला की कुत्रे चावते. चावलेच तर जखम पंधरा मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवून तडक दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. पण एक ध्यानात ठेवा: केस गेलेले कुत्रे म्हणजे पिसाळलेले कुत्रे नव्हे. लूत वेगळी, पिसाळणे वेगळे. हा फरक न कळल्यामुळेच पुष्कळ गरीब जनावरे काठ्यांखाली मरतात.

नामदेवांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ती गोष्ट सकाळी वर्गात सांगायची आणि मधल्या सुटीत ओट्यावरच्या कुत्र्याला बसणारा दगड मुकाट्याने पाहायचा, हे काही बरे नाही. तुपाची वाटी प्रत्येकाला परवडणार नाही. पण दगड खाली ठेवून, त्या कुत्र्याचे केस नेमके कुठून गेले आहेत, एवढे लांबून पाहायला काहीच पैसा पडत नाही. लिव्होर्नोच्या आणि कॉर्सिकाच्या त्या बायकांजवळ तरी एका टाचणीवाचून दुसरे काय होते?